समुद्रसफरींच्या काळातली पक्ष्यांची चित्रं किती खरी मानायची?

रंगपेटी

नमस्कार मंडळी. मी हौसेने चित्रं काढते, जलरंगात, जास्त करून पक्षीच, नांदूरमध्यमेश्वरला थंडीत जे दिसतात ते. गेल्या महिन्यात नेटवर एक चित्र बघितलं आणि ते काही केल्या डोक्यातून जात नाहीये म्हणून हा धागा काढते.

चित्र आहे एका साध्या तपकिरी पक्ष्याचं. बघताना वाटेल आपल्या साळुंकीच्या आकाराचं काहीतरी, फार देखणा वगैरे नाही. कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीत जॉर्ज फोर्स्टर नावाच्या मुलाने ते १ जून १७७४ ला काढलं, रायाटेआ बेटावर, ताहितीच्या जवळचं बेट, तेव्हा युरोपियन लोक त्याला उलिएटेआ म्हणायचे. मुलगा म्हणतेय कारण तो तेव्हा फक्त १९ वर्षांचा होता. आणि हा पक्षी त्यानंतर परत कोणाला दिसल्याची नोंदच नाही! एक नमुना लंडनला पोचला होता, तो पण हरवला. म्हणजे आज जगात त्या पक्ष्याचं काय उरलंय तर हे एक चित्र आणि थोडं वर्णन, बस.

मी ते चित्र बघून माझ्या वहीत काढायला घेतलं आणि अडकले. एक तर उभं राहणं नैसर्गिक वाटत नाही, फांदीवर बसलेल्या पक्ष्याचं वजन पायावर येतं ना ते कुठे जाणवत नाही. मग त्या काळातली बाकीची चित्रं शोधली तर बऱ्याच चित्रांचं तसंच, एका बाजूने काढलेली, ताठ, डोळ्यात जीव नाही. मला खरंच विचारायचंय की असं का, आणि ज्या पक्ष्याचं फक्त चित्रच उरलंय त्याच्या चित्रावर आपण किती विश्वास ठेवायचा? रंग खरे असतील का? इथे पक्षीनिरीक्षक बरेच आहेत, जुन्या पुस्तकांची आवड असलेलेही आहेत, सांगा प्लीज.

तुतवार

रंगपेटी ताई, धागा काढलात फार बरं झालं, फोर्स्टर बापलेक हा माझा जुना जिव्हाळ्याचा विषय आहे त्यामुळे प्रतिसाद लांबणार, आधीच सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे हे दोघं त्या जहाजावर असायचेच नव्हते. कुकच्या आधीच्या सफरीत, एंडेव्हर जहाजावर, जोसेफ बँक्स हा श्रीमंत निसर्गअभ्यासक गेला होता, दुसऱ्या वेळी पण तोच जाणार होता, पण त्याच्या माणसांसाठी आणि सामानासाठी रेझोल्यूशन जहाजावर वर इतकं बांधकाम केलं की जहाज डोईजड झालं, ते सगळं काढावं लागलं आणि बँक्स रागावून बाहेर पडला. मग अगदी शेवटच्या घटकेला योहान रायनहोल्ड फोर्स्टरला घेतलं, त्याने मुलाला चित्रकार म्हणून बरोबर घेतलं आणि जुलै १७७२ मध्ये प्लिमथहून निघाले. निघताना जॉर्ज १७ वर्षांचा. परत आले जुलै १७७५ ला, तीन वर्षांनी.

आता तुमचा प्रश्न, ताठपणा का. कारण त्याच्यासमोर बसलेला पक्षी नसायचाच हो, मेलेला असायचा. काम कसं चालायचं बघा, किनाऱ्यावर उतरून किंवा समुद्र शांत असला की छोट्या होडीतून पक्षी बंदुकीने मारायचे, जहाजावर आणायचे, बाप चोच पंख शेपूट मोजून लॅटिनमध्ये वर्णन लिहायचा, मुलगा चित्र काढायचा आणि दोघांनाही घाई, कारण ऊन, दमट हवा, किडे, आणि कधीकधी तोच पक्षी स्वयंपाकालाही जायचा. आधीच्या सफरीत बँक्सने आल्बट्रॉस कसा शिजवायचा ते रोजनिशीत लिहून ठेवलंय, कातडं काढून रात्रभर खाऱ्या पाण्यात भिजवायचा वगैरे. ताजं मांस मिळणं तीन वर्षांच्या सफरीत किती मोठी गोष्ट असेल त्याचा विचार करा.

आणि जागा कसली! बाप फोर्स्टरने तक्रार केलीय की केबिनच्या दोन्ही बाजूंना जनावरं बांधलेली, त्यांचा वास, वरून पाणी गळतंय. त्यात जहाज हलतंय. अशात हा मुलगा पेन्सिलीने बाह्यरेषा काढायचा, मग जिथे रंग महत्त्वाचा तिथेच रंग भरायचा, डोकं, एखादा पंख. त्याची बरीच चित्रं अर्धवट आहेत ती त्यामुळे, आळस नाही. एंडेव्हरवरचा चित्रकार सिडनी पार्किन्सन, त्याच्याबाबतीत तर ताहितीला माश्या कागदावरचा ओला रंगच खाऊन टाकायच्या, म्हणून टेबल खुर्ची चित्रकार सगळ्यावर मच्छरदाणी टाकून काम चालायचं, हेही बँक्सनेच लिहिलंय. पार्किन्सन बिचारा परतीच्या वाटेवर जानेवारी १७७१ मध्ये हगवणीने गेला, बटाव्हिया (आजचं जकार्ता) सोडल्यावर.

एका बाजूने का काढायचे याला पण कारण आहे. ते चित्र भिंतीवर लावायला नव्हतंच मुळी, ओळख पटवायला होतं. बाजूने काढलं की चोचीचा बाक, पंखांच्या पिसांची रांग, शेपटीची लांबी, पायाची बोटं सगळं एकदम दिसतं.

उलिएटेआच्या पक्ष्याचं पुढे काय झालं तेही सांगतो कारण त्यातच तुमच्या विश्वासाच्या प्रश्नाचं उत्तर आहे. सफरीनंतर फोर्स्टर कर्जात, म्हणून १७७६ मध्ये मुलाची चित्रं बँक्सला ४०० गिनींना विकली. बँक्सकडे चित्रं पण आणि काही नमुने पण. ते बघून जॉन लेथम या इंग्रज पक्षीअभ्यासकाने इंग्रजीत वर्णन लिहिलं. मग जर्मनीत बसलेल्या ग्मेलिन या शास्त्रज्ञाने लेथमचं वर्णन वाचून लॅटिन नाव दिलं, टर्डस उलिएटेन्सिस. टर्डस म्हणजे आपले कस्तूर ज्या गटातले तो गट. ग्मेलिनने ना पक्षी बघितला ना चित्र. आज अभ्यासकांना शंका आहे की तो कस्तूर नसून साळुंकीच्या कुळातला असावा, पण ठरवणार कसं, कागदावरच्या रंगातून डीएनए निघत नाही, पीस किंवा हाड पाहिजे आणि ते नाही. एका पोराने एका दिवशी काढलेल्या चित्राभोवती दोनशे वर्षं हा वाद फिरतोय.

तसाच दुसरा, व्हानुआटूतल्या टान्ना बेटावरचा कबुतराच्या जातीचा एक पक्षी. ऑगस्ट १७७४ चं फोर्स्टरचं चित्र, तो पण एकटाच पुरावा.

माझं मत विचाराल तर आकारावर विश्वास ठेवा, पिसांच्या मांडणीवर ठेवा, उभं राहण्यावर अजिबात ठेवू नका. रंगाचं जाणकार सांगतील.

घाटमाथा

रंगाबद्दल मी सांगते, स्वतः बघितलेलं आहे.

तीन वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्या गॅलरीच्या काचेवर नवरंग आदळला. पावसाच्या तोंडाशी ते रात्री प्रवास करत येतात, तेव्हा शहरात हे नेहमी होतं, कोणाकडे तरी आदळतोच. सकाळी साडेसहाला सापडला तेव्हा अंग गरम होतं. मला इतकं वाईट वाटलं की काय करावं सुचेना, मग मुलीची रंगाची पेटी घेतली आणि काढायला बसले, म्हटलं निदान हे तरी.

सांगायचं हे की सकाळी पाय गुलाबी होते, अगदी जिवंत कातडीचा गुलाबी. अकरा वाजेपर्यंत ते मातकट झाले होते आणि दुपारी मी परत बघितलं तर करडे म्हणावेत असे. डोळा तर तासाभरातच गढूळ झाला, संध्याकाळपर्यंत आत गेला. पण पिसं? पंखावरचा तो निळा, पोटाखालचा लाल, काहीही बदललं नाही, जसंच्या तसं. संध्याकाळी झाडाखाली पुरला त्याला.

तर ताई, जुन्या चित्रात पिसांचा रंग खरा धरायला हरकत नाही (कागद उन्हात राहिला नसेल तर), पण डोळ्याचा, चोचीचा, पायाचा, डोळ्याभोवतीच्या उघड्या कातडीचा रंग हा चित्रकार किती वाजता बसला यावर आहे. म्हणूनच मला वाटतं चांगले लोक आधी पेन्सिलीने कडेला रंगाची नावं लिहून ठेवायचे, कारण रंग कालवेपर्यंत तो रंग समोर राहणारच नाही हे त्यांना माहीत होतं. तुमच्या चित्रात डोळ्यात जीव नाही म्हणालात, तो नव्हताच हो त्याच्यासमोर.

जुना_कागद

वर दोघांनी छान लिहिलंय. मला एक वेगळी बाजू मांडायची आहे, चित्र खरं पण चिठ्ठी खोटी.

पिएर सोनरा नावाचा फ्रेंच. त्याने १७७६ मध्ये न्यू गिनीच्या सफरीचं पुस्तक काढलं, चित्रांसकट. त्यात पेंग्विन आहेत! न्यू गिनी म्हणजे विषुववृत्ताला लागून, तिथे कुठला आलाय पेंग्विन. आणि कूकाबरा पण आहे, म्हणजे आपल्या खंड्याचा ऑस्ट्रेलियातला मोठा भाऊबंद. तोही न्यू गिनीचा म्हणून. कूकाबराचा नमुना त्याला केप टाउनला बँक्सकडून मिळाला असं मानतात, एंडेव्हर ऑस्ट्रेलियाहून परत येताना. याने सगळं न्यू गिनीच्या खात्यावर टाकलं. गंमत म्हणून सांगत नाहीये, याचा परिणाम आजही आहे, त्या चित्रांवर विश्वास ठेवून इतरांनी शास्त्रीय नावं दिली, कूकाबराचं नाव डासेलो नोव्हेगिनी आणि जेंटू पेंग्विनचं पिगोसेलिस पापुआ. ते पापुआ नाव १७८१ मध्ये कोणी दिलं माहितीये? तुतवार यांच्या याच मोठ्या फोर्स्टरने, ज्याने स्वतः दक्षिण समुद्रात पेंग्विन बघितले होते. नावाचा नियम असा की आधी दिलेलं नाव चुकीच्या गावाचं असलं तरी तेच राहतं.

फोर्स्टरांच्या सफरीतही हे झालंच. न्यूझीलंडचा पिओपिओ, तो पण आता नामशेष, त्याचं नाव टर्नाग्रा कापेन्सिस, म्हणजे केपचा. स्पारमान म्हणून स्वीडिश माणूस केप टाउनला त्यांच्या जहाजावर चढला होता, त्याने १७८७ मध्ये वर्णन केलं तेव्हा गावाची अदलाबदल झाली. तीन वर्षांत इतक्या बेटांवरून आणलेल्या कातड्यांचे गठ्ठे, चिठ्ठी सुटली की संपलं.

सोनराला मात्र सगळं वाईट म्हणू नका, तो आपल्याकडेही हिंडला होता, १७८२ च्या पुस्तकात त्याने आपल्या रानकोंबड्याचं वर्णन केलंय. महाबळेश्वर कोयनेला पहाटे ओरडतो तो राखाडी रानकोंबडा, त्याचं शास्त्रीय नाव गॅलस सोनराती, याच्याच नावावरून.

आणि सगळ्यात जुनी चूक म्हणजे स्वर्गपक्षी. (आपला स्वर्गीय नर्तक नव्हे, तो वेगळा, हा न्यू गिनीकडचा.) मॅगेलनच्या मोहिमेतलं उरलेलं एक जहाज १५२२ मध्ये स्पेनला पोचलं त्यात या पक्ष्याची सुकवलेली कातडी होती, मोलुका बेटांच्या (आजच्या इंडोनेशियातली) बाजूच्या राजाने भेट दिलेली. कातडी करताना तिकडचे लोक पाय काढून टाकायचे. युरोपात समजूत झाली की याला पायच नसतात, हा कधी जमिनीवर उतरतच नाही, आणि बिनपायाची चित्रं छापली गेली पुढची अनेक वर्षं. जहाजावरच्या पिगाफेताने त्याला पाय असतात हे लिहून ठेवलं होतं तरी! १७५८ मध्ये शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने नाव दिलं ते पण अपोडा, बिनपायाचा. ज्याने काढलं त्याने समोर होतं तेच काढलं होतं, खोटं काहीच नाही काढलं.

पणजीकर

मी थोडा विरोधात बोलणार आहे. वर सगळे म्हणतायत चित्रकार प्रामाणिक होता, परिस्थिती वाईट होती. सगळेच तसे नव्हते. डोडोचं बघा. डच लोक १५९८ ला मॉरिशसला उतरले आणि शंभर वर्षांच्या आत डोडो संपला. गेल्डरलँड जहाजाच्या नोंदवहीत १६०१ ची रेखाटनं आहेत, तिथेच बेटावर काढलेली, साधी पण विश्वासाची. पण जगाला माहीत आहे तो डोडो म्हणजे रोलांट साव्हेरीने युरोपात बसून काढलेला गोलमटोल जाडा. त्याने काय बघून काढलं, पिंजऱ्यात खाऊन सुजलेला पक्षी की पेंढा भरलेलं कातडं, यावर अजून एकमत नाही. त्याने तो परत परत काढला आणि बाकीच्यांनी त्याची नक्कल केली. इतकं की १८६५ मध्ये मॉरिशसच्या दलदलीत हाडं सापडली तेव्हा रिचर्ड ओवेनसारख्या मोठ्या शास्त्रज्ञाने सांगाडा त्या जाड्या चित्राच्या बाह्यरेषेत बसवला. हाडं समोर असून चित्रावर विश्वास! काही वर्षांनी त्यानेच तो दुरुस्त केला, जास्त उभा आणि सडपातळ.

आता याच काळात आपल्याकडे काय होतं बघा. जहांगीराच्या दरबारातल्या मन्सूरचं मानलं जाणारं एक डोडोचं चित्र आहे, साधारण १६२५ चं, आता सेंट पीटर्सबर्गला हर्मिटेजमध्ये. तपकिरी डोडो, आजूबाजूला आपले पक्षी. अभ्यासक त्याला रंगीत चित्रांत सगळ्यात भरवशाचं मानतात, आणि इंग्रज प्रवासी पीटर मंडीने सुरतेला जिवंत डोडो बघितल्याची नोंद आहे. म्हणजे जिवंत पक्षी इकडे पोचले होते, समुद्रावरूनच.

आणि आमच्या गोव्याचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. १६१२ मध्ये मुकर्रब खान गोव्याहून जहांगीरसाठी काही जनावरं पक्षी घेऊन गेला, त्यात टर्की होता. अमेरिकेतला पक्षी, पोर्तुगीज जहाजांतून गोव्याला आलेला, कोणी कधी बघितला नव्हता. जहांगीराने आठवणींत लिहिलंय की बाबराने जनावरांची वर्णनं लिहिली पण चित्रं काढून घेतली नाहीत, म्हणून मी चित्रकारांना काढायला लावली. आणि टर्कीचं काय वर्णन केलंय त्याने, डोक्यावरची आणि गळ्याखालची कातडी सारखी रंग बदलते, आत्ता पोवळ्यासारखी लाल, थोड्या वेळाने कापसासारखी पांढरी, मग फिरोज्यासारखी. मन्सूरचं ते चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये आहे. घाटमाथा ताई म्हणाल्या ना की उघड्या कातडीचा रंग टिकत नाही, इथे जिवंत पक्ष्याचाच टिकत नव्हता आणि चित्रकाराला एक क्षण निवडायचा होता.

म्हणून माझं म्हणणं, जहाजावरचं चित्र की दरबारातलं की स्टुडिओतलं हा प्रश्नच नाही, समोर काय होतं ते विचारा. जिवंत, ताजा मेलेला, कातडं की दुसऱ्याचं चित्र.

पाणथळ

पणजीकर +१, शेवटचं वाक्य अगदी पटलं.

एक उलटं उदाहरण देतो, जिथे चित्र चुकीचं वाटलं पण बरोबर निघालं. आपल्याकडे तळ्यावर जांभळी पाणकोंबडी दिसते ना, लाल चोच, निळी जांभळी. तिची एक बहीण ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला लॉर्ड हाव बेटावर होती, तिला उडणं जमत नसावं. १७८८ मध्ये कैद्यांना घेऊन सिडनीला गेलेल्या ताफ्यातली जहाजं तिथे थांबली, लोकांनी काठीने मारून खाल्ल्या, आणि काही वर्षांत संपली. आता त्यावेळची चित्रं बघाल तर एकात पांढरी, एकात निळी, एकात निळी पांढरी ठिपक्याठिपक्यांची. लेडी पेन्ऱ्हिन जहाजावरच्या बोज स्मिथ या डॉक्टरने तर एकाच कागदावर तिन्ही काढल्या. नंतरच्या लोकांना वाटलं गोंधळ आहे. पण आज असं मानतात की वयाबरोबर पिसं पांढरी होत जायची, म्हणजे त्या कागदावर गोंधळ नाही, तिथे खरोखर तसे तीन तऱ्हेचे पक्षी हिंडत होते. आज दोन कातडी उरलीयत, व्हिएन्ना आणि लिव्हरपूल. कातड्यावरून जवळजवळ पांढराच रंग कळला असता, तीन अवस्था चित्रामुळे कळल्या. तो डॉक्टर चित्रकार म्हणून काही फार चांगला नव्हता, तरी त्याने जे दिसलं ते काढलं आणि दुरुस्त करायला गेला नाही. मला तरी हे फार मोठं वाटतं.

रंगपेटी

बापरे, एवढं सगळं! मी दोनदा वाचलं आणि वहीत टिपून घेतलं. घाटमाथा ताई, तुमचा नवरंग वाचून गलबलून आलं.

एक लक्षात आलं की मी नक्कल करताना त्याच्या चुका सुधारायला निघाले होते, फांदीवर नीट बसवायचं, डोळ्यात चमक टाकायची, पाय गुलाबी करायचे. पण ती चमक मी कुठून आणणार, तो पक्षी मी बघितलेला नाही, मी आपल्या साळुंकीचाच डोळा तिथे लावला असता. म्हणजे माझा साव्हेरीच झाला असता की. आता नव्याने काढणार आहे, पिसं जशी त्याने काढली तशी, जिथे त्याचं मला समजत नाही तिथे पेन्सिल तशीच ठेवणार. तारीख आणि बेटाचं नाव खाली लिहीन, जुना_कागद यांनी सांगितलेल्या चिठ्ठीच्या गोष्टीमुळे तर नक्कीच.

तुतवार दादा, पुढे त्या जॉर्जचं काय झालं?

तुतवार

ताई, नक्की काढा आणि इथे टाका.

जॉर्जने १७७७ मध्ये सफरीचं पुस्तक लिहिलं, फार सुंदर लिहायचा तो. नंतर जर्मनीत प्राध्यापक, फ्रेंच क्रांतीच्या बाजूने उभा राहिला आणि १७९४ च्या जानेवारीत पॅरिसमध्ये एकटाच वारला, वय फक्त ३९. बापाची लॅटिन वर्णनं तर दोघंही गेल्यावर १८४४ मध्ये छापली गेली, म्हणजे सफरीनंतर सत्तर वर्षांनी. आणि १७९० मध्ये त्याच्याबरोबर युरोपात फिरलेला एक तरुण मुलगा होता, अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट, त्याच्या नावाचे पेंग्विन आपल्या राणीच्या बागेत आहेत. मी पोराला घेऊन गेलो की दर वेळी फोर्स्टरच आठवतो.

चित्राखाली तारीख आणि बेट लिहिणार आहात तर एक ओळ अजून लिहा. फोर्स्टरांच्या नोंदीत आहे की हा पक्षी दऱ्यांमधल्या झुडपांत असायचा आणि त्याचा आवाज बासरीसारखा मऊ होता. चित्रात आवाज काढता येत नाही म्हणून त्यांनी तो शब्दात लिहून ठेवला.